तीन ते सहाचा खेळ

त्या सिनेमाचा विषय निघाला की आमच्या काकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "आग नव्हती."

समोरच्याला काही कळत नाही. त्याने बिचाऱ्याने सहज विचारलेलं असतं, की अहो, तुमच्या कारखान्यावर एवढा मोठा सिनेमा निघाला, शेवटी पडद्यावर तुमचं नाव आलं, कसा वाटला? मग काका चष्मा काढतात, शर्टाच्या टोकाने पुसतात आणि सुरू होतात. बॉयलर फुटला की आग लागत नाही, वाफ सुटते. जिथून सुटते तिथे तर ती दिसतही नाही, हातभर पुढे गेली की पांढरी होते. त्या दिग्दर्शक बाईने अख्खा पडदा नारिंगी करून ठेवला. आणि तो नट! फावडं असं धरलंय जसं काही तान्हं बाळ आंघोळीला घेतलंय. कोळसा फेकायचा असतो, ओतायचा नसतो. महिनाभर शिकवला त्याला, पाठीला तेल चोळून घ्यायचा रोज, आणि कॅमेरा लागल्यावर पुन्हा आपलं तेच. वर बॉयलरपाशी उभं राहून दोघं जण आयुष्यावर बोलतायत. "अहो, तिथे शेजारच्याला शिवी द्यायची तरी हातवारे करून द्यावी लागते. ऐकू येतं कोणाला?"

लोक हसतात. म्हणतात, काका, तुम्हीच दिग्दर्शन करायला हवं होतं. काकाही हसतात. मी चहाचे कप उचलते आणि आत जाते, कारण यातली एकेक चूक खरी असली तरी काकांचा त्या सिनेमावरचा राग यातल्या कुठल्याही चुकीचा नाही, हे त्या खोलीत फक्त मला माहीत असतं.

काका म्हणजे माझे चुलत सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा ते आमच्या मागच्या खोलीत राहत होते, अजून तिथेच आहेत. काकू माझ्या आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. कागदाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळला. निवृत्त होऊन जमाना झाला तरी कान तसाच आहे. मी चहाचं आधण ठेवलं की बाहेरून आवाज येतो, "सूनबाई, उकळलं." मी बघते तर खरंच पहिला बुडबुडा फुटलेला असतो.

एक गोष्ट मात्र मला सुरुवातीला विचित्र वाटायची. घरात टीव्हीवर सिनेमा लागला की काका उठून जायचे. चांगला असो, वाईट असो, नावं पडायला लागली की पायात चपला. मी एकदा यांना विचारलं, तर हे म्हणाले, "अगं, हाच माणूस मला दर शुक्रवारी खांद्यावर बसवून न्यायचा. पहिल्या दिवशीचा पहिला खेळ चुकवायचा नाही. आणि नावं पडायच्या आत खुर्चीत. नावं चुकली तर काका घरी परत यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढायचे."

"मग?"

"मग शिट्टी गेला."

शिट्टी म्हणजे काकांचा जोडीदार. बॉयलरच्या आवाजावर त्याची शिट्टी ऐकू जायची म्हणून अख्ख्या कारखान्याने ते नाव ठेवलं होतं. सात ते तीन काका, तीन ते अकरा शिट्टी. बारा वर्षं. एका दुपारी बॉयलरची भट्टी आतून दबली, फाटून वाफ सुटली, आणि शिट्टी भट्टीच्या दारासमोर होता. घरात सगळे मानायचे की मित्राच्या जाण्याने काकांचं सिनेमावरून मन उडालं. मीही तेच मानलं. मला वाटायचं, किती हळवा माणूस आहे.

शिट्टीची बायको, तिला मी मावशी म्हणते, आमच्याकडे दर रविवारी यायची. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या दुकानासाठी ती काज-बटणं करते, घरी नेऊन. बसली तरी हातात काम. बोलताना मान वर करत नाही आणि टाका चुकत नाही. काकांना दर वर्षी एक शर्ट शिवायची. माप घ्यायची नाही, नुसतं बघायची आणि म्हणायची, "भाऊजी, यंदा खांदे उतरलेत तुमचे."

तिच्या वाट्याला काय आलं होतं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं. कारखान्याची चौकशी झाली. बॉयलरला पाण्याची पातळी दाखवणारी एक उभी काच असते. पाळी सुरू करताना माणसाने ती काच धुऊन तपासायची, म्हणजे खालचा कॉक उघडून पाणी सोडायचं, बंद करायचं, आणि पाणी पुन्हा झटकन वर चढतं का ते बघायचं. नाही चढलं तर काचेची वाट गाळाने बुजली आहे, काच खोटं बोलते आहे. तपासून झालं की नोंदवहीत सही. त्या दिवशी काच बुजलेली होती, आत पाणी संपत आलं होतं, आणि वहीत शिट्टीची सही होती, 'तपासली'. म्हणजे न तपासता सही ठोकली. म्हणजे स्वतःच्या हलगर्जीपणाने मेला. तसं लेखी निघालं. मुलीला शाळेत पोरं म्हणायची, तुझ्या बापाने बॉयलर फोडला. मुलगी शिकली आणि इतकी लांब निघून गेली की वर्षातून एक फोन. आणि कारखान्यात नवीन माणूस बॉयलरवर लागला की त्याला पहिल्या दिवशी सांगायचे, शिट्टीसारखं करू नकोस.

नवीन माणसांना शिकवायचं काम काकांकडे होतं.

तीन वर्षांपूर्वी ती दिग्दर्शक बाई आली. आखूड केस, खांद्यावर जड पिशवी, पायात धुळीने भरलेले बूट. कारखाना तोपर्यंत बंद पडून पाडलाही गेला होता. तिला त्याच्यावर सिनेमा करायचा होता. "नुसता अपघातावर नाही," ती मला म्हणाली, "सगळ्यावर. कोळशापासून कागदापर्यंत. सहाशे माणसं, त्यांच्या बायका, मालक, संप, सगळं." ती हे म्हणाली तेव्हाच मला वाटलं होतं की हिने फार मोठं पातेलं चढवलंय. पण मुलगी सच्ची होती. काकांसमोर जमिनीवर बसायची. चहाचा कप स्वतः विसळून ठेवायची.

तिला आवाज स्वच्छ हवा असायचा. म्हणून रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद, फ्रिज बंद. "काकू, तेवढा कुकर नका हं लावू," ती मला म्हणायची. मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायची, हात मांडीवर ठेवून. तीन दिवस असं चाललं. दोन दिवस काका नुसता बॉयलर सांगत होते आणि मला खरं तर डुलकी लागत होती. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बदलला.

"आता जे सांगतो ते नीट टिपून घ्या," ते म्हणाले. "शिट्टीची पोरगी तेव्हा दुसरीत होती. पावणेतीनला शाळा सुटायची. तिला घरी सोडून यायला त्याला तीन वाजून दहा मिनिटं व्हायची. रोज. साहेबांनी दोनदा लेखी ताकीद दिली होती. म्हणून मी तीनला त्याच्या वाटची काच तपासायचो आणि वहीत त्याची सही करायचो. त्याला जशीच्या तशी जमायची मला. त्यालाही माझी जमायची. दोन वर्षं हे चाललं होतं. कोळसेवाला ती दहा मिनिटं बघायचा."

पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्या दिवशी शुक्रवार होता. नवीन सिनेमा लागला होता. तीन ते सहाचा खेळ. थिएटर सायकलने दहा मिनिटांवर. मी काच नाही तपासली. सही केली आणि निघालो. रोज तर बरोबर असते, एक दिवस काय होतंय. आधी जाहिराती चालतात, त्यामुळे नावं पडायच्या आत पोचलो मी. मध्यंतराला बाहेर उभा होतो तेव्हा आमच्या कारखान्याचा भोंगा झाला. वेळेचा नव्हता. मी ऐकला. म्हटलं, असेल कसला तरी. आणि आत जाऊन बसलो."

"काका," बाई हळूच म्हणाली.

"उरलेला सिनेमा पाहिला मी. चांगला होता."

मी स्टुलावर बसलेली, समोर कुकरमध्ये डाळ भिजत पडलेली. उठावं की बसावं कळेना. आत आवाज जाईल म्हणून मी पदरसुद्धा सावरला नाही.

बाईने विचारलं, "हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. चौकशीत त्यांनी वही वहिनींसमोर ठेवली. विचारलं, ही तुमच्या नवऱ्याचीच सही ना? मीच घेऊन गेलो होतो वहिनींना, शेजारी उभा होतो. त्या हो म्हणाल्या. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. मग दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त अवघड होतं. तिसऱ्या दिवशी त्याहून."

"मी हे वापरू?"

"त्यासाठीच सांगितलं. माझ्या तोंडून निघत नाही. तुम्ही सांगा. सिनेमा काय, सगळे बघतात."

त्या दिवसानंतर काकांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. जेवायला वाढताना माझी नजर त्यांच्या उजव्या हाताकडे जायची. रविवारी मावशी यायची, काजं करत बसायची, काका तिच्यासमोर पेपर वाचायचे, आणि मी दोघांना चहा द्यायची. तिला सांगावं असं मला कितीदा वाटलं. पण मी स्वतःची समजूत घातली, की हे बोलणं माझं नाही, त्यांचं आहे. आणि सिनेमा येतोच आहे.

सिनेमा यायला दोन वर्षं लागली. त्या काळात काका जवळजवळ आनंदात होते, हे लिहायला नको वाटतं पण तसंच होतं. बाईचा फोन आला की उठून उभे राहून बोलायचे. नटाला फावडं शिकवायला गेले. आणि तारीख लागली तेव्हा मला म्हणाले, "सूनबाई, पहिल्या दिवसाची तिकिटं काढ. तीनचा खेळ. वहिनींना घेऊन जायचं."

"मावशींना? काका, त्यांना बघवेल का?"

"त्यांना घेऊनच जायचं."

तेव्हा मला लख्ख कळलं. त्यांना अंधारात, शेजारी बसून, तोंड न उघडता सांगून टाकायचं होतं. एकतीस वर्षं जे जमलं नाही ते पडदा करणार होता. मला त्यांची कीव आली आणि संतापही आला. तरी मी तिकिटं काढली. मधली खुर्ची मावशीची, एका बाजूला काका, एका बाजूला मी. मावशीने नवा शर्ट शिवून आणला होता. काकांनी तो तिथेच, थिएटरच्या स्वच्छतागृहात जाऊन घातला.

नावं पडायच्या आत आम्ही बसलो होतो.

आता सिनेमाबद्दल. मी काही जाणकार नाही, पण कॉलेजात असताना आम्ही मैत्रिणी वाट्टेल ते बघायचो आणि तासन्‌तास भांडायचो, तेवढ्या अनुभवावर सांगते. असा सुरू झालेला सिनेमा मी आयुष्यात पाहिला नव्हता. पहिली वीस मिनिटं एक अक्षर नाही. कोळशाच्या एका ढेकळामागे कॅमेरा चालतो, ट्रकपासून भट्टीपर्यंत, भट्टीतून राखेपर्यंत, आणि मध्ये फक्त हात दिसतात, बूट दिसतात, घामाने चिकटलेल्या पाठी दिसतात. सहाशे माणसं जेवणाच्या सुट्टीत डबे उघडतात तो एकच आवाज, आणि मग कोणी बोलत नाही. शेजारी मावशीचे हात पहिल्यांदाच रिकामे होते.

पण मग लोक बोलायला लागले आणि सगळं बसलं. प्रत्येक माणूस भाषण करत होता. मालकाच्या घरात पियानो, मालकाच्या पायाशी कुत्रा, मालक खिडकीतून धूर बघून हसतो. संपाची गोष्ट अर्ध्यात सुटली. मालकाच्या मुलीची एक गोष्ट आली, कशाला आली ते त्या मुलीलाही माहीत नसावं. मध्येच रंग गेले, मध्येच परत आले. तीन तास दहा मिनिटांत त्या बाईला जगातलं सगळं सांगायचं होतं, आणि एका पातेल्यात आठ पदार्थ घातल्यावर जे होतं ते झालं. मागे कोणीतरी मोठ्याने जांभई दिली. दोन-चार खुर्च्या रिकाम्या झाल्या.

मध्यंतराआधी ती सही आली.

मी काकांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकाला आले होते. पडद्यावर दोन मित्र. एक जण धावत येतो, उशीर झालेला, मुलीची वेणी घालण्यात वेळ गेलेला. दुसरा हसतो, वही उघडतो आणि त्याच्या नावाची सही करतो. अगदी सावकाश. पेनाचं टोक, शाई, कागद. सतार वाजते. पहिला म्हणतो, "तू माझं नाव माझ्यापेक्षा छान लिहितोस." दुसरा म्हणतो, "बारा वर्षं सांभाळतोय." पुढे अख्ख्या सिनेमात ती सही पुन्हा येत नाही. प्रेमाची खूण म्हणून ती आली होती, तशीच गेली.

अपघात झाला तो मालकाच्या लोभाने. बॉयलरला अशा दोन काचा असतात, त्यातली दुसरी महिनाभर मोडलेली होती आणि मालकाने बदलली नव्हती, हे खरंच होतं, काकांनीच सांगितलेलं. सिनेमाने तेवढं उचललं. मग नारिंगी आग. आणि आगीतून काकांचं काम करणारा नट शिट्टीचं काम करणाऱ्या नटाला खांद्यावर घेऊन चालत येतो, इतका वेळ चालत येतो की मला वाटलं, आता हा आमच्या अंगावर येणार.

त्या सिनेमात थिएटर नव्हतंच. शुक्रवार नव्हता. मध्यंतरातला भोंगा नव्हता.

दिवे लागले तेव्हा मावशी रडत होती. शेवटच्या नावांमध्ये 'विशेष आभार' खाली काकांचं नाव वर सरकत होतं, आणि काका ते न बघता स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत होते.

बस यायला वेळ होता. थांब्यावरच्या बाकावर आम्ही बसलो. मावशीने डोळे पुसले, नाक पुसलं, रुमालाची घडी घातली. मग म्हणाली, "भाऊजी, एक विचारू?"

"विचारा की."

"ते सहीचं. ते खरं होतं?"

काकांनी बस येते का ते पाहिलं. समोरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली.

"म्हणजे तुम्ही करायचात का त्यांची सही? नाही, मी एवढ्यासाठी विचारते, साहेबांनी मला वही दाखवली होती ना. मी हो म्हटलं. तुमच्या देखतच म्हटलं. पण मला तेव्हा आत कुठेतरी वाटलं होतं, की यांची सही एवढी नीट कधीपासून यायला लागली? यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मग म्हटलं, आपलंच डोकं ठिकाणावर नाही." ती थांबली. "मी बरोबर ओळखली होती ना हो?"

पडद्याने जे केलं नाही ते आता एका शब्दाचं काम उरलं होतं. इतकं सोपं दार कोणी कोणासाठी उघडत नाही. मी काकांकडे बघत राहिले. त्यांच्या नव्या शर्टाची कॉलर अजून कडक होती.

"त्याचीच होती वहिनी," काका म्हणाले. "सिनेमात काय, काहीही दाखवतात."

"हो ना?"

"आता बघा, आग तरी कुठे होती?"

आणि तिथून सुरू झाले. वाफ दिसत नाही, फावडं असं धरत नाहीत. मावशी मान हलवत ऐकत होती. ती बसमध्ये चढेपर्यंत काका बोलत होते. मी एक शब्द बोलले नाही. माझी जीभ कोणी धरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला फोन लावला. कोण बोलतंय कळल्यावर तिने आधी विचारलं, "काकांना आवडला?"

मी म्हटलं, "तुम्ही त्यांचं खरं कुठे ठेवलंत?"

ती मग म्हणाली, "काकू, आम्ही ते सगळं चित्रित केलं होतं. थिएटर, भोंगा, सगळं. थोड्या लोकांना दाखवून पाहिलं. त्या क्षणानंतर लोकांना तो माणूस नकोसा व्हायचा. पुढचा एक तास कोणी बघेना. एवढा मोठा सिनेमा त्याच्या खांद्यावर उभा आहे हो."

"म्हणून आगीतून चालवलंत?"

"आणि खरं सांगू? म्हातारा माणूस आहे. मला वाटलं, मी त्यांना वाचवते आहे."

तिच्या आवाजात खोट नव्हती. तेच जास्त लागलं. दोन वर्षं जोडीदाराला ताकिदीतून वाचवायला एक सही होत होती, आता काकांना वाचवायला एक सिनेमा झाला. वाचवणाऱ्यांना तोटा नव्हता.

त्यानंतरच्या रविवारी मावशी आली नाही. त्याच्या पुढच्याही. दुकानाचं काम वाढलं असेल म्हटलं. काकांकडे मात्र माणसं येत होती, सिनेमा कसा विचारत होती, आणि त्यांचं बोलणं दिवसेंदिवस रंगत होतं. नटाच्या फावड्याची ते आता नक्कल करून दाखवायचे.

तिसऱ्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, मावशी आली. दारातच म्हणाली, "सिनेमा पुन्हा बघून आले. काल. एकटीच."

"एवढा आवडला?" माझं मलाच विचित्र वाटलं विचारून.

"नाही ग. मध्यंतरापर्यंतच बघितला."

ती आत गेली. काका पलंगावर बसलेले. तिने पिशवीतून आपली ती कामाची वही काढली, कोणत्या गणवेशाला किती काजं त्याची, मागचं कोरं पान उघडलं आणि काकांसमोर ठेवलं. वर पेन.

"भाऊजी, यांच्या नावाची एक सही करा."

"हे काय वहिनी?"

"करा ना. बघू द्या मला."

"चष्मा नाहीये."

चष्मा खिडकीत होता. मावशीने उठून तो आणला, पदराने पुसला आणि त्यांच्या हातात दिला. काकांनी तो घातला. पेन उचललं. टोपण काढलं. टोक कागदावर टेकवलं आणि तिथेच ठेवलं. शाईचा ठिपका हळूहळू पसरत मोठा झाला. मी दारात उभी होते. मावशी त्या ठिपक्याकडे बघत होती, काजाचं भोक बघावं तशी, बारीक डोळे करून.

"आता हात थरथरतो," काका म्हणाले.

हात अजिबात थरथरत नव्हता.

मावशीने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं आणि टोपण लावलं. "राहू द्या. कळलं."

"वहिनी, ऐका..."

"नको. आता नको." तिचा आवाज चढला नाही. "एकतीस वर्षं भांडतेय मी त्यांच्याशी. रोज. भांडी घासताना, काजं करताना. म्हटलं, एक काच बघायला काय झालं होतं तुम्हाला? पोरीचा विचार नाही केलात? फोटो नाही लावला मी त्यांचा भिंतीवर. पेटीत ठेवलाय, पालथा. पोरीलाही तेच शिकवलं मी. तुझा बाप निष्काळजी, तू होऊ नकोस."

तिने पेन वहीत घातलं आणि वही मिटली.

"आणि तुम्हाला शर्ट शिवले," ती म्हणाली.

वही पिशवीत टाकून ती बाहेर आली. मी तिच्या मागोमाग दारापर्यंत गेले. चपलेत पाय घालताना तिने मला विचारलं, वर न बघता, जसं ती नेहमी बोलते तसं.

"तुला माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. त्या घरात ते फार अवघड नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "दोन वर्षं."

तिने चपलेचा अंगठा नीट केला. त्याला जरा जास्तच वेळ लागला. मग पायऱ्या उतरून गेली. दर वेळी कोपऱ्यावरून वळताना ती हात करायची, म्हणून मी थांबले. ती वळली आणि दिसेनाशी झाली.

मी आत आले. काका तसेच बसलेले, चष्मा डोळ्यावर, समोर भिंत. मला वाटलं, आता तरी रडतील. किंवा मला म्हणतील, तू ऐकलं होतंस तर बोलली का नाहीस. मी त्याचं उत्तरही तयार करत होते, आणि ते मलाच पटत नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले.

"काय काका?"

"सिनेमा तसा वाईट नाही. पहिली वीस मिनिटं तर फारच चांगली आहेत."

मी पलंगाखालचा त्यांचा रिकामा कप उचलला.

"पुढे लांबवला तिने."

मी स्वयंपाकघरात गेले आणि कुकर लावला.